शके १७३८ की सन १७३८: विद्यापीठाच्या अभिलेखागारातला एक दिवस

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटच्या सत्राला आठ आठवड्यांची इंटर्नशिप असते. मी ती एका विद्यापीठ ग्रंथालयाच्या अभिलेखागार आणि डिजिटल संग्रह विभागात केली. तिसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी जे घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे. मोडी कागदांचं स्कॅनिंग आता जागोजागी सुरू आहे, आणि त्या दिवशी आम्हाला सापडलेली चूक आणखी कितीतरी संग्रहांत बसलेली असू शकते.

संग्रह

कागद एका वतनदार घराण्याकडून देणगी म्हणून आलेले. वाडा पाडायच्या वेळी माळ्यावर रुमाल सापडले आणि घरच्यांनी ते भंगारात न घालता विद्यापीठाला दिले. रुमाल म्हणजे खारव्याच्या चौकोनी कापडात बांधलेलं दप्तर. चार टोकांची गाठ, आत कागदांची पुडकी, मधे वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा. पहिल्या रुमालात ६३ सुटे कागद निघाले. सगळे मोडी, सगळे हातकागदावर, शाई काजळाची. ही शाई उन्हाने सहसा उडत नाही, पण ओल्या बोटाला लगेच येते, म्हणून कोरडे हात, मऊ ब्रश आणि कागदाखाली पुठ्ठा, एवढीच आमची हत्यारं. हातमोजे वापरत नव्हतो. मोज्यातून कागदाची कड कळत नाही आणि कसरीने खाल्लेला कोपरा तिथेच तुटतो.

या ६३ कागदांची कार्डं पन्नासेक वर्षांपूर्वी एका कर्मचाऱ्याने केलेली होती. जाड पुठ्ठ्याची, टाकाने लिहिलेली, अक्षर सुरेख. विषय, गाव, काळ, बंद (कागदाचे ताव) किती, स्थिती कशी. स्कॅनिंग मात्र गेल्या वर्षीचं. कार्डांवरचा मजकूर एक्सेलमध्ये भरायचं काम बाहेरच्या माणसांना दिलेलं, ती शीट डिजिटल संग्रहाच्या प्रणालीत चढवलेली, आणि मग तपासणी इंटर्नकडे. ६३ पैकी १२ नोंदींवर "तपासले" ही खूण माझी होती. त्यात आजचा कागदही होता.

मेल

पावणेअकराला विभागाच्या पत्त्यावर एक ईमेल आला. दुसऱ्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याचा. आमच्या संकेतस्थळावर "ताकीदपत्र, बाजीराव पेशवे, १७३८" अशी नोंद त्याला मिळाली होती. वर्णनात "मक्तेदार रयतेकडून शिरस्त्यापेक्षा जास्त वसूल मागतात" असं होतं. त्याचं म्हणणं असं की मक्त्याच्या जाचाचा इतका जुना कागद त्याच्या पाहण्यात नाही. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात तो याचा आधार घेतो आहे, प्रबंध पुढच्या महिन्यात सादर होणार, तर चांगल्या दर्जाची प्रतिमा मिळेल का?

मागणी साधी होती. मूळ टिफ फाइल (मोठ्या आकाराची प्रतिमा) काढायची, विभाग सांभाळणाऱ्या मॅडमची परवानगी घ्यायची, पाठवून द्यायची. मी फाइल शोधायला लागले, पण मनात एक शब्द अडकला: मक्तेदार. महसूल गोळा करायचं काम बोलीवर देणं आधी अजिबात नव्हतं असं नाही, पण ही पद्धत फोफावली आणि बदनाम झाली ती दुसऱ्या बाजीरावांच्या कारकिर्दीत. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला मुलूख, आणि मग त्याने ती रयतेकडून काढायची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या अहवालात यावर बरंच लिहिलं आहे. १७३८ मध्ये तर पेशवे होते पहिले बाजीराव.

म्हणजे एक तर हा कागद खरोखर दुर्मीळ होता, नाहीतर आमच्या नोंदीत घोळ होता.

त्या विद्यार्थ्याच्या जागी मी असते तर पहिलीच शक्यता धरली असती. नोंद आतून अगदी जुळत होती. नाव बाजीराव, साल १७३८; पहिले बाजीराव १७२० ते १७४० पेशवे होते. कुठे खटकायला जागाच नव्हती. साल बेताल असतं तर कोणीतरी थांबलं असतं. इथे चुकीचं साल बरोबर एका दुसऱ्या बाजीरावाच्या पदरात पडलं होतं.

पाठीमागची ओळ

कार्ड काढलं. काळ या शब्दापुढे लिहिलं होतं: "शके १७३८". खाली बारीक अक्षरात: "पाठीवर शेरा".

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे जानेवारी लागल्यावर, ७९. शके १७३८ म्हणजे सन १८१६–१७. आठवीतल्या मुलाला येईल असं गणित. प्रणालीत "शके" हा शब्दच नव्हता, नुसते चार आकडे होते.

मॅडमना बोलावलं. त्यांनी कार्ड पाहिलं, स्क्रीन पाहिली, आणि म्हणाल्या, "अगं, कार्ड म्हणतं म्हणून लगेच बदलू नकोस. कार्डही कोणीतरी लिहिलंय. कागद काढ."

मंगळवार आणि शुक्रवार मोडी वाचायला एक निवृत्त शिक्षक येतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते येईपर्यंत मी कागद टेबलावर घेतला. हातभर लांब, अरुंद पट्टी, घड्यांवर पातळ झालेली. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जातो, त्यामुळे शब्दांत अंतर नसतं. कुठे एक शब्द संपून दुसरा सुरू होतो हे ज्याचं त्याने ओळखायचं. ह्रस्व-दीर्घ नाही. त्यात संक्षेप: राजश्रीचं "रा॥", मौजेचं "मौ॥". हीच दोन उभ्या दांड्यांची खूण आकड्यापुढे आली की तिचा अर्थ अर्धा. पहिल्या आठवड्यात मी "मौ॥" मधल्या दांड्यांना आकडा समजून बसले होते, तेव्हा गुरुजींनी शांतपणे सांगितलं होतं, "बाळ, आधी तिच्यामागे काय आहे ते बघ. अक्षर असेल तर शब्द तोडलाय, आकडा असेल तर अर्धा."

ते साडेअकराला आले. चष्मा बदलला, कागदाला हात न लावता वरून एकदा नजर फिरवली आणि तिसऱ्या ओळीवर बोट थांबवलं.

"वाच."

मी अक्षरं जोडत वाचलं: स-बा-अ-श-र-म-या-तै-न-व-अ-ल-फ.

"तोड आता."

सबा अशर मयातैन व अलफ. हा सुहुर सन, मराठी दप्तरांत चालणारी एक कालगणना, अरबी आकड्यांच्या मराठी उच्चारांत. सबा म्हणजे सात, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. एकूण १२१७. हे वर्ष जूनच्या आरंभी, सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. उदाहरण म्हणून गुरुजींनी पानिपत घेतलं: १४ जानेवारी १७६१, सुहुर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, त्यात ६०० मिळवा. मी वहीत करून पाहिलं, जुळलं.

या शब्दांत एक मोठा सापळा आहे आणि तो इथे सांगायलाच हवा. सबा सात आणि सबैन सत्तर. सीत सहा आणि सितैन साठ. समान आठ आणि समानीन ऐंशी. शेवटचा एक फराटा पुसट असला की त्रेसष्ट, चोपन्न किंवा बहात्तर वर्षांचा फरक पडतो. आमच्या कागदावर "सबा" नंतर लगेच "अशर" चा अ स्पष्ट होता, म्हणून खात्री झाली.

शेवटच्या ओळीत "छ ४ मोहरम". छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. मग कागद उलटला. पाठीवर वेगळ्या हाताची, ठेंगण्या अक्षरातली एकच ओळ. कागद गावात पोचल्याची नोंद: शके १७३८ धातानाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य २.

आता तीन साक्षीदार झाले होते, तिघेही एकमेकांना न विचारता बोलणारे. शक १७३८. सुहुर सन १२१७. संवत्सर धाता. संवत्सराचा ताळा आपल्याकडे सोपा आहे: शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तितक्यावं नाव. १७५० भागिले ६०, बाकी १०. प्रभव, विभव, शुक्ल असं मोजत गेलं की दहावं धाता. आणि साल खरोखर इसवी १७३८ असतं तर शक आला असता १६६० आणि संवत्सर कालयुक्त. तेव्हा तो प्रश्न मिटला.

महिना ठरवायला सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची १८९६ सालची कालगणनेची कोष्टकं काढली. आमच्या मुरूडच्या दीक्षितांनी केलेलं हे काम सव्वाशे वर्षांनंतरही रोज टेबलावर लागतं, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. मार्गशीर्ष शुद्ध पक्ष आणि मोहरमचा पहिला आठवडा दोन्ही नोव्हेंबर १८१६ च्या चौथ्या आठवड्यात एकत्र येत होते. पाठीवरची वद्य द्वितीया डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातून, निघालेला कागद दहा-बारा दिवसांनी गावात पोचला होता. मोहरमचा चंद्र कुठे कधी दिसला यावर एखादा दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून गुरुजींनी दिवस लिहू दिला नाही. "महिना लिही. जेवढं ठाऊक आहे तेवढंच."

राहिलं नाव. कागदाच्या माथ्यावर शिक्का होता, पण त्यावर पाण्याचा तपकिरी डाग. "बाजीराव" दिसत होतं, पुढे अंधार. पहिल्या बाजीरावांच्या नावापुढे बल्लाळ, कारण वडील बाळाजी. दुसऱ्यांच्या पुढे रघुनाथ. स्कॅनिंगच्या खोलीतले दादा म्हणाले, "ताई, रंगीत प्रतिमा आहे ना? मग लाल चॅनेल तेवढा बघा." तपकिरी, पिवळट डाग लाल चॅनेलमध्ये फिका पडतो, काजळाची शाई तिन्ही चॅनेलमध्ये काळीच राहते. त्यांनी सहाशे डीपीआयची मूळ फाइल उघडून एकच चॅनेल ठेवला आणि मोठं केलं. डाग विरला. खालून "रघु" एवढी दोन अक्षरं वर आली आणि नंतरच्या "ना" ची सुरुवात.

खोलीत आम्ही चौघं होतो. कोणी काही बोललं नाही. गुरुजी फक्त म्हणाले, "झालं."

चूक कुठे शिरली

जेवणानंतर मॅडमनी मला वेगळंच काम दिलं: एक नोंद दुरुस्त करण्याआधी चूक कोणत्या दारातून आली ते शोध.

कार्ड बरोबर होतं. एक्सेल शीटमध्ये रकान्याचं नाव "वर्ष". सुरुवातीच्या कच्च्या शीटमध्ये भरणाऱ्याने "शके १७३८" असंच लिहिलेलं होतं. त्याची काही चूक नव्हती. पण प्रणालीतला दिनांकाचा रकाना चार अंकी वर्ष मागतो. अक्षरं असली की ती ओळ नाकारली जाते. मग कोणीतरी "शोधा आणि बदला" वापरून "शके" आणि "फसली" (महसुली वर्ष) हे दोन शब्द सगळ्या शीटमधून काढून टाकले. एका क्लिकमध्ये. एक्सेल १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही, आणि नुसतं चार अंकी साल त्याला साधा आकडा असतो, त्यामुळे तिथेही काही वाजलं नाही. प्रणालीला चार अंक मिळाले, ती समाधानी. वर्णन लिहिणाऱ्याला बाजीराव आणि १७३८ मिळाले, तोही समाधानी. आणि माझ्या तपासणीच्या यादीत प्रश्न होते: फाइल उघडते का, पान सरळ आहे का, शीर्षक प्रतिमेशी जुळतं का. कार्डाशी काळ ताडून पाहा असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी चारपर्यंत ६३ कार्डं आणि ६३ नोंदी शेजारी शेजारी लावल्या. ४१ कार्डांवर शक, ९ वर फसली, ५ वर इसवी सन, ८ वर काळच नाही. शकाच्या सगळ्या ४१ नोंदी ७८-७९ वर्षांनी मागे गेलेल्या. फसली म्हणजे पिकाचं, महसुलाचं वर्ष. दख्खनेत तेही मृगापासून धरतात आणि ५९० मिळवतात, जानेवारीनंतर ५९१. उत्तरेकडची फसली दोनेक वर्षांनी निराळी असते, तिथे ५९२–५९३ मिळवावे लागतात, म्हणून कागद कुठला हे आधी पाहावं लागतं. आमच्या ९ पैकी ७ नोंदी संकेतस्थळावर थेट तेराव्या शतकात दिसत होत्या, यादवांच्या काळात.

उरलेल्या दोन फसली नोंदी सापडल्या तेव्हा मला खरा धक्का बसला. एका कार्डावर फसली १२२६. शीटमध्ये १२२६. संकेतस्थळावर १८२६. दुसऱ्यावर फसली १२१९, संकेतस्थळावर १८१९.

कोणीतरी १२२६ पाहिलं होतं. त्याला बरोबर शंका आली होती की मोडी ताकीदपत्र इतकं जुनं कसं असेल. त्याने ठरवलं की टंकलेखनाची चूक आहे, २ च्या जागी ८ हवा, आणि बदलून टाकलं. हेतू चांगलाच होता. पण फसली १२२६ म्हणजे १८१६–१७ आणि १२१९ म्हणजे १८०९–१०. दोन्ही पेशवाईतले कागद. त्या दुरुस्तीने ते १८१८ नंतर, कंपनीच्या राज्यात नेऊन ठेवले. बदल केल्याची खूण कुठेच नाही. प्रणालीत नोंद दाखल कधी झाली ते दिसतं. नंतर कोणी काय बदललं ते दिसत नव्हतं.

मला ही दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त गंभीर वाटते. १२२६ हा आकडा चुकीच्या जागी असला तरी कागदाशी त्याचं नातं होतं. फसली जाणणाऱ्या माणसाने पाहिला असता तर त्याला लगेच कळलं असतं. १८२६ या आकड्याचं कागदाशी काही नातं उरलं नाही, आणि तो अगदी शहाण्यासारखा दिसतो. कार्डं जपून ठेवलेली नसती तर तो कायमचा खरा झाला असता. अनेक ठिकाणी डिजिटायझेशन झालं की जुनी कार्डं रद्दीत काढतात. माझी कळकळीची विनंती आहे, काढू नका.

काय करायचं यावर बोलणं

साडेचारला मॅडमच्या खोलीत बसलो. माझा पहिला प्रस्ताव होता की शकात ७८ आणि फसलीत ५९० मिळवून सगळ्या नोंदी आजच बदलून टाकू. दोन तास लागतील, उद्या सकाळी संकेतस्थळ स्वच्छ.

मॅडमनी तो नाकारला, आणि का ते समजावून सांगितलं. एकगठ्ठा ७८ मिळवले तर पौषाच्या उत्तरार्धातले, माघ-फाल्गुनातले कागद एका वर्षाने चुकतील. आणि त्याहून मोठी गोष्ट: आपण पुन्हा तेच करू, जे "शोधा आणि बदला" करणाऱ्याने केलं. कागदावर काय लिहिलंय ते पुसून त्या जागी आपला निष्कर्ष ठेवू. उद्या आपलाही निष्कर्ष चुकला तर परत जायला वाट कुठे?

दुसरा मार्ग म्हणजे सगळा रुमाल संकेतस्थळावरून काढून घेणं आणि शांतपणे दुरुस्त करून परत चढवणं. तो मॅडमना मनापासून पटत नव्हता. या नोंदी बाहेरची शोधयंत्रं ओएआय-पीएमएच नावाच्या पद्धतीने आपोआप उचलतात. आमच्याकडून काढलं तरी त्यांच्याकडची प्रत लगेच जाईलच असं नाही. आणि ज्यांनी दुवा उद्धृत केलाय त्यांना नुसतं रिकामं पान दिसेल; कागद चुकीचा होता की साल, हे कळणार नाही.

ठरलं ते असं. प्रत्येक नोंदीत काळासाठी वेगवेगळे रकाने. पहिल्यात कागदावर जसं आहे तसं, अक्षरशः: "सुहुर सन सबा अशर मयातैन व अलफ, छ ४ मोहरम, पाठीवर शके १७३८ धातानाम संवत्सरे मार्गशीर्ष वद्य २". हा रकाना नुसत्या मजकुराचा, त्याला आकड्यांची अट नाही. दुसऱ्यात काढलेला इसवी सन, आंतरराष्ट्रीय मांडणीत: १८१६-११. जिथे फक्त शक आहे, महिना नाही, तिथे एक वर्ष न लिहिता १८१६/१८१७ असा पल्ला. आणि तिसऱ्यात हे कसं काढलं, कोणत्या कोष्टकावरून, कोणी, कोणत्या दिवशी. संकेतस्थळावर हे सगळं वाचकाला दिसेल. पूर्वी दाखवलेलं चुकीचं साल काय होतं, तेही टिपेत राहील, कारण कोणीतरी ते आधीच उतरवून घेतलेलं असू शकतं.

फाइलींच्या नावांवरून थोडा वाद झाला. नावांत "१७३८" गुंफलेलं होतं. दादांचं म्हणणं, नावं बदलू नयेत. फाइलीचा चेकसम, म्हणजे ती बदलली नाही ना हे पडताळायचा आकडा, तिच्या आतल्या मजकुरावरून निघतो, नाव बदललं तरी तो तोच राहतो. पण तीन ठिकाणी ठेवलेल्या प्रतींच्या याद्यांमध्ये जुनी नावं आहेत, एका ठिकाणी बदलायचं राहिलं तर दर महिन्याच्या पडताळणीत फाइल हरवल्याचं दिसेल. त्यांचं ऐकलं. जुनी नावं तशीच, आणि यापुढे नावात फक्त दाखल क्रमांक. साल, गाव, माणूस काहीही नाही, कारण ते सगळं कधी ना कधी बदलू शकतं.

नोंदीचा कायमचा दुवाही तोच ठेवला.

उत्तर

त्या विद्यार्थ्याला उत्तर आजच जायला हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "मसुदा तू कर, सही मी करते." मी पहिल्यांदा लिहिलं ते फार आडवळणाचं झालं: तांत्रिक कारणास्तव दिनांकात विसंगती आढळली, वगैरे. त्यांनी ते खोडलं. "त्याचं एक प्रकरण यावर उभं आहे. पहिल्या वाक्यात सांग."

मग असं गेलं: हा कागद सन १७३८ चा नाही, नोव्हेंबर १८१६ चा आहे; बाजीराव म्हणजे दुसरे बाजीराव; चूक आमच्या नोंदीतली आहे. त्याखाली तिन्ही पुरावे, शिक्क्याची लाल चॅनेलमधली प्रतिमा, पुढच्या बाजूचं देवनागरी लिप्यंतर. लिप्यंतरात रयतेचं गाऱ्हाणं आणि हुकूम: शिरस्त्याप्रमाणे घेणे, जाजती उपसर्ग (जादा त्रास) न देणे.

साडेपाचला त्याचं उत्तर आलं. त्याने आभार मानले होते, आणि एक प्रश्न विचारला होता. पाठीवरचा शेरा तुम्ही सांगता, पण संकेतस्थळावर पाठीची प्रतिमाच नाही. ती का नाही?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. स्कॅनिंगच्या वेळी ठरलं होतं की पाठ कोरी असेल तर घ्यायची नाही. कोरी कोणती हे ठरवलं होतं घाईघाईत कागद उचलून, उजेडात धरून. एका ओळीची पाठ त्यात कोऱ्यात गेली होती. ज्या ओळीने आज सगळ्यात सोप्या भाषेत साल सांगितलं, ती वाचकाला दाखवलेलीच नव्हती. ती आधीपासून दिसत असती तर त्या मुलाने स्वतःच शके वाचून आम्हाला कळवलं असतं.

बुधवार

सकाळी दहाला रुमाल पुन्हा सोडला. ६३ कागद, ६३ पाठी, एकही न गाळता. दादांनी स्कॅनरखाली काळा पुठ्ठा लावला, रंगपट्टी ठेवली, आणि मी कागद एकेक करून उलटत गेले. तपासणीच्या यादीत मॅडमनी रात्रीच दोन प्रश्न वाढवले होते: काळ कार्डाशी आणि कागदाशी ताडला का? पाठ पाहिली का?

दुपारपर्यंत १७ पाठींवर काही ना काही मिळालं. बहुतेकांवर पावल्याची नोंद, काहींवर नुसतं नाव. एका पाठीवर कोणीतरी बोरूची धार पाहायला मारलेल्या रेघा. शेवटच्या कागदाच्या पाठीवर, ज्याच्या कार्डावर काळ लिहिलेलाच नव्हता, ज्वारीचा हिशेब होता. आकड्यापुढे दोन उभ्या दांड्या. मी आधी त्यांच्यामागे काय आहे ते पाहिलं. २ होता. अडीच मण.

खाली शक नव्हता, फसली नव्हती, संवत्सर नव्हतं. पहिल्या रकान्यात लिहिलं, "कागदावर काळाचा उल्लेख नाही, पाठीवर ज्वारी २॥ मण". दुसरा रकाना रिकामा सोडला, तिसऱ्यात माझं नाव आणि तारीख घातली, आणि रुमालाची गाठ बांधायला घेतली.